गोल्फमध्ये एका होलवर ११ फटके मारले, ॲपने ७च धरले. बरोबर आहे का?

मुलुंडचा_स्लाइस: मंडळी, रविवारपासून घरात वाद पेटलाय, सोडवा. रात्रभर पाऊस कोसळून गेला होता. सातव्या होलला (पार ४, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे फटके चार; स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे अवघडपणाचा क्रमांक, ९) माझा पहिला फटका सरळ नाल्यात. दंडाचा एक. मग बंकर (वाळूचा खड्डा), आणि ओली वाळू अशी दाबून बसलेली की तिथंच चार गेले. मीही हट्टाला पेटलो, भोकात घातल्याशिवाय हललो नाही. ११. मेव्हणा छत्रीआड हसत होता, तेही पाहिलं. पुढे एका पार ३ वर (इंडेक्स १६) ८, आणि इंडेक्स २ च्या पार ५ वर ९. एकूण १०४.

ॲपमध्ये होलवार भरलं तर हँडिकॅपसाठी (खेळाच्या पातळीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलत) त्याने ९८ धरले. मेव्हणा म्हणतो, "तुझा कोर्स हँडिकॅप (या मैदानावरची सवलत) २०, म्हणजे कुठल्याही होलला जास्तीत जास्त ८. एकूण १००." मी म्हणतो, मारले तेवढे मोजा. फटके गिळायचे म्हणजे लबाडीच ना? माझा हँडिकॅप इंडेक्स (माझ्या खेळाची पातळी सांगणारा आकडा) १८.६, मैदानाचं पार ७०, आणि त्याच्या अवघडपणाचे दोन आकडे: रेटिंग ७०.२, स्लोप १२०.

खारघर_पहाटे: मेव्हणा जुन्या जमान्यात आहे. यूएसजीएच्या (अमेरिकेची गोल्फ संघटना) आधीच्या पद्धतीत तसंच होतं: १० ते १९ हँडिकॅपला ७, २० ते २९ ला ८, मग होल पार ३ असो की पार ५. २०२० मध्ये वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आली आणि ते गेलं.

चेंबूरचे_काका: ॲप बरोबर आहे. आता मर्यादा नेट डबल बोगीची: पार, अधिक २, अधिक त्या होलवर तुला मिळणारे सवलतीचे स्ट्रोक. तुला २० मिळतात, म्हणजे प्रत्येक होलवर एक आणि इंडेक्स १ व २ वर दोन-दोन. सातव्यावर ४+२+१, झाले ७. चार गेले. पार ३ वर ६, दोन गेले. पार ५ वर ५+२+२ म्हणजे ९, तिथं काहीच कापलं नाही. १०४ चे ९८. डिफरन्शियल, म्हणजे त्या फेरीचा हँडिकॅपसाठीचा आकडा, काढ: ११३ भागिले १२०, गुणिले (९८ वजा ७०.२), येतात २६.२.

आणि हे फक्त हँडिकॅपसाठी. मेडल (एकूण फटके मोजायची स्पर्धा) असेल तर तुझे १०४ ते १०४च.

मुलुंडचा_स्लाइस: काका, पण हा मला फायदाच झाला की?

चेंबूरचे_काका: उलट रे बाबा! समज, एखाद्या दिवशी बाकी १७ होल झकास गेले, एकाच पार ४ वर तेच ११, एकूण ९१. मर्यादा नसती तर डिफरन्शियल १९.६. मर्यादेमुळे ८७ धरले जातात आणि १५.८ येतो, म्हणजे तुझा इंडेक्स खाली ओढला जातो. पुढच्या सामन्यात स्ट्रोक कमी. आमच्या चौघांच्या फोरबॉलमध्ये एक महाशय होते, इंडेक्स वाढावा म्हणून बक्षिसाच्या आधीच्या महिन्यात नेमके दोन होलांवर दहा-दहा मारायचे. हा नियम अशांचीच वाट अडवायला.

रविवारचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. इंडेक्ससाठी शेवटच्या २० डिफरन्शियलपैकी उत्तम, म्हणजे सर्वांत कमी, ८ ची सरासरी धरतात. तुझा इंडेक्स १८.६ असताना २६.२ त्या आठात कशाला येतोय? तुम्ही दोघं भांडलात फुकट.

खारघर_पहाटे: आणि मेडल नसेल तर पुढच्या वेळी ७ झाल्यावर बॉल उचल की! स्टेबलफोर्डमध्ये (होलागणिक गुण देणारा प्रकार) तिथं शून्यच गुण मिळतात. मागे उभे असलेले चौघे दुवा देतील.

मुलुंडचा_स्लाइस: मेव्हण्याला हा धागा पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.