मन जड असताना उपकारस्तुतीला कसं जायचं?

नेवाशाची_लेक:
जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय इथं, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव नेवासा तालुक्यात, मंडळी छोटी, पंचवीसतीस घरं असतील. यंदा कांदाचाळीत ठेवलेला उन्हाळी कांदा निम्म्याच्या वर सडला, वास इतका सुटला की शेवटी आई आणि मी फावड्यानं ओढून उकिरड्यावर टाकला, आणि त्यातून सावरतोय तोच ऑगस्टमधे बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाबा आमच्या चर्चमधे 30 वर्षं पेटी वाजवतात, गाणं उचलायचं ते बाबांनीच, बाकी सगळे त्यांच्या मागून. आता पेटीवर कापड टाकून ठेवलंय.

पुढच्या रविवारी उपकारस्तुती आहे, म्हणजे पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायचा सण. प्रत्येकजण शेतातलं काहीतरी घेऊन येतो, पुढं उभं राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतो, मग आणलेल्या वस्तूंचा लिलाव. मला जावंसंच वाटत नाहीये. सगळे टाळ्या वाजवून स्तुतीची गाणी म्हणतात तेव्हा माझा गळा दाटतो आणि ओठ नुसते हलवले तर देवाशी खोटं बोलल्यासारखं वाटतं. त्यात एका नात्यातल्या काकांनी घरी येऊन सांगितलं की विश्वास कमी पडला म्हणून हे झालं, घरात काहीतरी पाप लपलंय ते शोधा. बाबा समोर पलंगावर होते, त्यांना सगळं ऐकू येतं, समजतंही, फक्त बोलता येत नाही. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

आणि अजून एक, खरं सांगायचं तर गेल्या वर्षी कांद्याला भाव चांगला मिळाला, भावाला नोकरी लागली, तेव्हा मी प्रार्थना किती केली? घाईघाईत दोन वाक्यं. म्हणजे सुखात विसरले आणि दुःखात तोंड उघडत नाही. मग माझी उपासना ती नक्की कुठली?

फुलबाग_वसई:
ताई, वाचून पोटात कालवलं गं. मी कॅथलिक, आमच्याकडे साक्ष वगैरे पद्धत नाही म्हणून तुझ्या ठिकाणी मी असते तर काय केलं असतं माहीत नाही, पण एक अनुभव सांगते. माझा नवरा गेला त्यानंतर जवळजवळ वर्षभर मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करताच येत नव्हती. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मात्र जायचे. तिथं शब्द आधीच ठरलेले असतात, हे प्रभो दया कर म्हणायचं म्हणजे म्हणायचं, माझं मन असो नसो. आधी वाटायचं पोपटपंची आहे ही, मग हळूहळू कळलं की माझ्याकडे शब्द नव्हते तेव्हा बाकीची माणसं माझ्या वाटणीचं म्हणत होती. संध्याकाळी रोजरीला शेजारच्या बाया यायच्या, मी नुसती मणी सरकवत बसायचे, बोलायच्या त्या. तू गाऊ नकोस. बस फक्त.

गोदाकाठ:
लेकी, तुझ्या त्या काकांचं आधी बोलतो कारण राग आलाय. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक उघडायला सांग त्यांना. ईयोबाचे तीन मित्र हेच सांगत बसले होते, तू पाप केलं असशील, आणि शेवटच्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांवर रागावलाय, ईयोबावर नाही. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, तर प्रभू म्हणाला कुणाचंच नाही, योहान 9 मधे आहे. हे असताना कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसून असलं बोलू नये.

आता जुनी गोष्ट सांगतो. मी शेवगावकडचा, 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आईबाप दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरात तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, ती घशाखाली उतरायची नाही. अशा वर्षी हंगामाचा सण आला. एरवी वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, उभं राहायला जागा नसायची. त्या वर्षी पुढं काहीच नव्हतं. माझ्या आजीनं पितळेचा तांब्या घासूनपुसून त्यात पाणी नेलं, ते पाणी तिनं पहाटे दोन वाजल्यापासून विहिरीवर नंबर लावून काढलेलं, गढूळ होतं, धोतराच्या फडक्यानं गाळलेलं. वेदीपुढं तेवढा एक तांब्या. पाळकसाहेबांनी त्या दिवशी स्तुतीचं स्तोत्र वाचलं नाही, विलापगीत वाचलं, आणि बाया मोठ्यानं रडल्या, मयताला रडतात तशा, चर्चमधे, कुणी कुणाला गप्प केलं नाही. त्यानंतर मग गाणं झालं. लिलाव नाहीच झाला, पाळकीणबाईंनी ते पाणी एका बाळंतिणीला दिलं. मी आता साठीच्या पुढं गेलोय, उपकारस्तुत्या खूप पाहिल्या, पण मला आठवते ती तीच.

शब्बाथदिन:
मी जरा वेगळं मांडतो, राग मानू नका. भावना येईपर्यंत थांबलो तर कधीच स्तुती होणार नाही. बायबलमधल्या पौल आणि सीला यांना फटके मारून खोड्यात अडकवलं होतं तरी मध्यरात्री ते गात होते. हबक्कूक संदेष्टा म्हणतो अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. म्हणजे स्तुती हा निर्णय असतो. ताईंनी गावंच असं माझं मत.

गोदाकाठ:
दादा, हबक्कूक पहिल्यापासून वाचा की. त्याची सुरुवातच "किती वेळ मी ओरडू आणि तू ऐकणार नाहीस" अशी आहे. तिसऱ्या अध्यायातलं गाणं पहिल्या अध्यायातल्या तक्रारीतून आलंय. स्तोत्रसंहितेत 13 वं स्तोत्र बघा, तू मला कायमचा विसरणार काय असं देवाला तोंडावर विचारलंय, आणि 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलंय. आपण मात्र साक्ष म्हटलं की फक्त जिंकल्याच्याच साक्षी ऐकतो.

शब्बाथदिन:
हे मान्य. 88 मी कधी उपासनेत वाचलेलं ऐकलं नाही, हे पण खरं.

केडगाव_लाईन:
पंडिता रमाबाईंचं कुणी काढलं नाही म्हणून मी लिहिते. त्यांचं केडगाव म्हणजे दौंडजवळचं, नगरचं नव्हे. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर 1882 मधे नवरा गेला. पुढं 1896-97 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आली, कारण उपास म्हणजे काय ते तिला अंगानं माहीत होतं. 1921 मधे एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हा रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या, ते त्यांनी पुरं केलं आणि एप्रिल 1922 मधे त्या गेल्या. मुलगी गेल्यावर रोज सकाळी उठून त्या कागदासमोर बसायचं, ओळ लावायची, हीच त्यांची उपासना होती असं मला वाटतं. त्या वेळी गाणं गायल्या की नाही हा प्रश्नच मनात येत नाही.

सिस्टर_पिंपरी:
मी हॉस्पिटलमधे नर्स आहे, स्ट्रोकचे पेशंट रोज बघते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. उजवी बाजू जाते तेव्हा बऱ्याचदा मेंदूचा डावा भाग बाधित झालेला असतो आणि बोलण्याचा भाग बहुतेकांचा तिकडेच असतो, त्यामुळे वाचा जाते. पण गाणं, तोंडपाठ प्रार्थना, आकडे, वार हे काही पेशंटला बोलता न येताही म्हणता येतात, कारण ते वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. सगळ्यांना जमतं असं नाही, आशा लावून बसू नका, पण करून बघा. एखादं रोजचं गाणं किंवा प्रभूची प्रार्थना हळू म्हणायची आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. घाई करायची नाही. चूक आलं तर दुरुस्त करायचं नाही. आणि स्पीच थेरपी चालू केली नसेल तर लगेच करा, पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं कुणाला बोलू देऊ नका, त्या काकांना तर नाहीच.

नेवाशाची_लेक:
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं, आईला पण मोठ्यानं वाचून दाखवलं. गोदाकाठ काका, तांब्याचं वाचताना आई उठून आत गेली.

सिस्टरताई, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री केलं. लाईट गेलेली, मी बाबांच्या उशाशी बसले आणि हळू म्हटलं, हे आमच्या स्वर्गातील. आणि थांबले. बराच वेळ काही नाही. डावा हात माझ्या मनगटावर होता त्यांचा, तो घट्ट झाला, आणि जाड आवाजात म्हणाले, पित्या. स्पष्ट. आई स्वयंपाकघरातून धावत आली. पुढची ओळ नाही जमली, ते चिडले, मग दोघं रडलो. आज सकाळी परत तोच शब्द आला, आणि शेवटचं आमेन.

रविवारी जायचं ठरवलंय. मी गाणार नाही, पाळकसाहेबांना फोन करून तसं सांगितलं, साक्ष पण देणार नाही, ते म्हणाले 13 वं स्तोत्र तू वाच, तेवढंच. चाळीतला निवडून उरलेला कांदा एक क्रेट नेतोय. बाबांना पण न्यायचंय, ते पेटीजवळ बसतो म्हणून खुणावतात सारखे, पण चर्चला चार पायऱ्या आहेत आणि आमच्याकडे व्हीलचेअर नाही. नेवासा, घोडेगाव किंवा नगरमधे कुणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल का? शनिवारी भाऊ टेम्पो घेऊन येईल.

गोदाकाठ:
माझ्याकडे आहे, सौभाग्यवतीची, आता ती वापरत नाही. शनिवारी सकाळी 10 नंतर केव्हाही या. पायऱ्यांना फळी लागेल, ती पण देतो.