लिव्हरपूलची दोन कॅथेड्रल्स एका दिवसात होतील का? आईचे गुडघे दुखतात

मंडळी, आई-बाबा भारतातून आलेत, पुढच्या आठवड्यात मँचेस्टरहून ट्रेनने लिव्हरपूलला न्यायचा विचार आहे. बाबांना जुन्या इमारतींचं भयंकर वेड, आईला चढ जमत नाही. दोन्ही कॅथेड्रल बघायची की एकच पुरे? आणि तिकीट वगैरे?

खडीसाखर
दोन्ही बघा. लाइम स्ट्रीट स्टेशनवरून चालत निघू नका, चढ आहे, टॅक्सी करून थेट कॅथलिक कॅथेड्रलला जा, तिथून होप स्ट्रीटने सरळ चालत अँग्लिकनला (चर्च ऑफ इंग्लंडवालं), साधारण अर्धा मैल आणि रस्ता बऱ्यापैकी सपाट. दोन्हीकडे आत जायला पैसे नाहीत, फक्त अँग्लिकनच्या टॉवरला आणि कॅथलिकच्या क्रिप्टला (खालचं तळघर) तिकीट. रविवारी जाऊ नका, प्रार्थना चालू असतात, मोकळेपणाने फिरता येत नाही.

मुळामुठा
कॅथलिकवाल्यात फार वेळ घालवू नका राव, काँक्रीटचा तंबू आहे नुसता, १९६७ चा. अँग्लिकन बघा, ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं कॅथेड्रल, १९०४ ला पाया घातला आणि पूर्ण झालं १९७८ ला! डिझाइनची स्पर्धा जिंकली तेव्हा त्याचा आर्किटेक्ट गाइल्स गिल्बर्ट स्कॉट अवघा २२ वर्षांचा, तो गेला १९६० ला, म्हणजे पूर्ण झालेलं त्याने बघितलंच नाही. लाल टेलिफोन बूथ पण त्याचंच डिझाइन, एक आत ठेवलंय, बाबांना फोटो काढायला सांगा. गंमत म्हणजे स्वतः कॅथलिक, म्हणून दफन केलंय ते दाराबाहेर.

खडीसाखर
@मुळामुठा तंबू काय म्हणता, दुपारी ऊन असताना आत उभे राहिलायत का कधी? वरच्या गोल मनोऱ्याच्या काचेतून निळा-लाल-पिवळा उजेड खाली उतरतो, माणसांच्या शर्टांचे रंग बदलतात अक्षरशः. आणि खालचं क्रिप्ट बघितल्याशिवाय मत देऊ नका. ते ल्यूटन्सचं आहे, हो, नवी दिल्लीवाला तोच. त्याला वर रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा मोठा घुमट बांधायचा होता, १९३३ ला काम सुरू झालं, मग युद्ध, मग पैशांची बोंब. विटांच्या त्या कमानी तेवढ्या राहिल्या. बाबांना दिल्ली आठवेलच.

कोकणकडा
अँग्लिकनच्या टॉवरबद्दल कुणीच नीट सांगितलं नाही. दोन लिफ्ट आहेत पण त्यानंतर १०८ पायऱ्या, जपमाळेएवढ्या, त्यामुळे काकूंना खालीच बसवा. कॅफे आहे, आत बाकं भरपूर. काका एकटे जाऊन येतील, हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात.
आणि शेजारी खाली जुनी दगडखाण होती तिचं कब्रस्तान झालं, आता बाग आहे, तिथे हस्किसन नावाच्या खासदाराची समाधी, १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशीच इंजिनखाली सापडला बिचारा. तुम्ही त्याच दोन गावांमधून ट्रेनने येणार आहात म्हणून सांगितलं, आईला नका सांगू 😄 उतार आहे, गुडघ्यांना नको.

प्रश्नकर्ती
सगळ्यांना धन्यवाद, ल्यूटन्सचं नाव ऐकल्यावर बाबा आजच बॅग भरायला लागले. परत येताना काही बघण्यासारखं?

कोकणकडा
सेंट ल्यूक्स चर्च, टॅक्सी करून बोल्ड स्ट्रीटच्या वरच्या टोकाला उतरा. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात छत गेलं, भिंती तशाच ठेवल्यात, आत बाग. मग त्याच रस्त्यावर जेवा, खायची ठिकाणं रांगेने आहेत.