ल्युसिड ड्रीमिंग शिकतोय, पण गाडी अडकली आहे. कुठे चुकतंय?

नवशिका

स्वप्न चालू असतानाच "अरे, हे स्वप्न आहे" असं कळावं, म्हणजे ल्युसिड ड्रीम पडावं, म्हणून प्रयत्न चालू आहेत. जाणकारांनी जरा चूक दाखवून द्यावी. सध्याचा क्रम असा:

रात्री बाराला झोप, सकाळी सहाचा गजर. झोपताना उताणं पडून, अंग अजिबात न हलवता, जागेपणातून थेट स्वप्नात शिरायचा प्रयत्न (वाइल्ड पद्धत). दिवसा दर तासाला ॲप आठवण करतं, मग हाताकडे बघून "हे स्वप्न आहे का?" असं विचारायचं. उशाशी वही आहे, पण तिच्यात बहुतेक पानांवर "काही आठवत नाही" एवढंच. पहाटे उठून परत झोपायचं म्हटलं तर एक तर झोप पार उडते, नाहीतर उशीला डोकं टेकताच सगळं विसरायला होतं. आणि चुकूनमाकून स्वप्नात भान आलंच, तर त्याच क्षणी जाग येते.

पद्धत बदलू का? शिवाय गॅलँटामिन हे औषध आणि बी-६ जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांबद्दल बरंच वाचलं, त्याचं काय?

पहाटपक्षी

पद्धत नंतर बघू, आधी घड्याळ बघा. तुम्ही चुकीच्या वेळी मेहनत करताय.

झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती मुख्यतः रेम झोपेत (मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात तो झोपेचा टप्पा), आणि ही रेम झोप रात्रभर सारखी वाटलेली नसते. पहिल्या आवर्तनात ती शेवटी जेमतेम दहा मिनिटं येते. पहाटेकडे ती लांबत जाते, शेवटच्या आवर्तनांत अर्ध्या तासाच्याही पुढे जाऊ शकते. म्हणजे रात्री बाराला उताणं पडून तुम्ही ज्या दारावर थाप देताय, ते अजून तास-दीड तास उघडणारच नाही. वाइल्ड रात्री पहिल्यांदा झोपताना करणं हे नवख्यांचं ठरलेलं वाया जाणारं कष्ट आहे.

दुसरं, सहा तास झोप म्हणजे चार आवर्तनं. सहाचा गजर तुमची सगळ्यात लांब रेम झोपच कापून टाकतो. वहीत "काही आठवत नाही" येतं त्याचं मोठं कारण हेच. झोप अपुरी राहिलेली असली की शरीर आधी गाढ झोपेची थकबाकी वसूल करतं, स्वप्नांचा नंबर नंतर. साडेसात-आठ तास झोपायची सोय होत नसेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती करा. दारूही रात्रीच्या पूर्वार्धातली रेम दाबते, गांजाही दाबतो. काही नैराश्याच्या गोळ्याही दाबतात, पण त्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत.

वहीबद्दल. जाग आल्यावर पहिली वीस-तीस सेकंदं फार मोलाची असतात. डोळे मिटलेलेच ठेवा, कूस बदलू नका, फोन तर नाहीच. "आत्ता काय चाललं होतं?" एवढंच स्वतःला विचारा. शेवटचं दृश्य हाती लागलं की तिथून मागे मागे जा. काहीच सापडलं नाही तर फक्त मनाची अवस्था पकडा: घाई होती का, भीती, ओशाळलेपण? त्याला धरून बरेचदा दृश्य वर येतं. मग ज्या कुशीवर एरवी झोपता ती कूस हळूच घ्या, आणखी एखादा तुकडा मिळतो. आधी तीन-चार खुणेचे शब्द लिहा, वाक्यं नंतर. पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करत बसलं की उरलेलं स्वप्न निसटतं.

रोज एखादं तरी स्वप्न वहीत उतरेपर्यंत पुढची कोणतीही पद्धत सुरू करू नका. ल्युसिड स्वप्न पडून सकाळी विसरलं जाणं ही काही अशक्य गोष्ट नाही.

चौथा_प्रहर

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त शेवटचं वाक्य मला जरा कडक वाटतं. आठवड्यात तीन-चार स्वप्नं आठवू लागली की माइल्ड (झोपताना "पुढच्या स्वप्नात मला आठवेल" असं मनाशी ठरवायची पद्धत) सुरू करायला हरकत नाही, त्याने आठवणही सुधारते.

ते ॲप मात्र आजच काढून टाका. ल्युसिड होणं हा एकाग्रतेपेक्षा स्मरणाचा खेळ आहे: "अमुक घडलं की मला तमुक आठवेल" अशा प्रकारचं स्मरण. ॲप वाजतं तेव्हा आठवण ॲपला झालेली असते, तुम्हाला नाही. स्वप्नात ते वाजणार नाही, मग तपासणी तरी कशी होणार?

त्याऐवजी रोज सकाळी त्या दिवसाचे चार प्रसंग ठरवा. कुत्रा भुंकला की, आरशात चेहरा दिसला की, कुणी नावाने हाक मारली की, दिवा लावला की. प्रसंग घडला त्याच क्षणी आठवलं तर बरोबर, पाच मिनिटांनी आठवलं तर चूक. रात्री हिशोब मांडा. चारातले तीन-चार सातत्याने पकडता यायला लागले की हा स्मरणाचा स्नायू तयार झाला समजा. दुसऱ्या दिवशी प्रसंग बदलायचे, नाहीतर सवय लागते आणि लक्ष जातं.

तपासणीही नुसती हाताकडे बघून भागत नाही. मनात "हे स्वप्न नाहीच" असं आधीच ठरलेलं असेल तर स्वप्नातही सहा बोटं दिसूनसुद्धा माणूस "असेल बुवा" म्हणून पुढे जातो. भरवशाच्या दोनच सांगतो:

नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच श्वास आत ओढा. स्वप्नात बहुतेक वेळा श्वास सरळ येतो, कारण खरं नाक मोकळंच असतं.

एखादी ओळ किंवा डिजिटल घड्याळातली वेळ वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं-आकडे सहसा बदलतात.

दोन्ही लागोपाठ करा, एक कधीकधी फसते. चिमटा काढून बघणं कुचकामी आहे, स्वप्नातही दुखू शकतं. आणि तपासणीआधी पाचेक सेकंद मागे वळून बघा: मी इथे कसा आलो, दहा मिनिटांपूर्वी कुठे होतो? स्वप्नात या प्रश्नाचं उत्तर फार लंगडं निघतं. दिवसाला पाच ते दहा वेळा, पण मनापासून. तासाला एक यांत्रिक तपासणी करण्यात काही हशील नाही.

वही भरू लागली की तिच्यात परत परत येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. जुनी शाळा, चुकलेली गाडी, वारलेले नातेवाईक, न चालणारा फोन. या तुमच्या स्वप्नखुणा. तपासणी यांच्याशी जोडली की खरी कामाला येते.

शंकासुर

एक भाबडी शंका. हे सगळं म्हणजे अर्धवट जागं असताना केलेली कल्पना नाही कशावरून? मी झोपलोच होतो हे कोण सांगणार?

चौथा_प्रहर

शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालेलं आहे. रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल केलेले असतात, डोळ्यांचे मात्र नसतात. त्यामुळे झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नात डावीकडे-उजवीकडे नजर फिरवली तर खरे डोळेही तसेच फिरतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्याकडून असे इशारे रेम झोप चालू असताना नोंदवले. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. २०२१ मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या गटांनी मिळून, झोपलेल्यांना साधी वजाबाकी विचारून नजरेच्या इशाऱ्यांनी उत्तरं मिळवली. सगळ्यांनी बरोबर उत्तरं दिली असं नाही, बरेच प्रश्न अनुत्तरितच राहिले. पण जी आली ती रेममधून आली.

पहाटपक्षी

नवशिके, आता पहाटेच्या उठण्याचं. दुसऱ्या दिवशी उशिरा उठता येईल अशाच रात्री करा, आठवड्यात दोनदा पुरे. रोज केलंत तर झोपेची वाट लागेल आणि स्वप्नंही आटतील.

अकराला झोपा, गजर चारचा, म्हणजे पाच तासांनी. साडेचार ते सहा तासांमधली कोणतीही वेळ चालते. गजर दोन पावलांवर ठेवा म्हणजे उभं राहावं लागेल, पण आवाज मऊ. उठायच्या आधी मघाशी सांगितलं तसं स्वप्न पकडा. मग बाथरूमला जाऊन या, मंद पिवळ्या उजेडात वही वाचा, पडलेलं स्वप्न लिहा.

जागं किती वेळ राहायचं, इथेच तुमचं गणित बिघडतंय. पुस्तकी आकडा २० ते ६० मिनिटांचा असतो, पण तो प्रत्येकाला जुळवून घ्यावा लागतो. झोप उडते म्हणता, तर १० मिनिटांवर या, मोठा दिवा आणि फोन बंद. टेकताच झोप लागून विसरायला होत असेल तर २५-३० मिनिटं बसून राहा, आडवं होऊ नका. दोन्ही तक्रारी आलटूनपालटून येत असतील तर बहुधा उठायची वेळच रोज वेगळी असते.

मग माइल्ड, लाबर्ज यांनी बसवलेली पद्धत. आडवं व्हा, नेहमीच्या कुशीवर. नुकतंच पडलेलं स्वप्न घ्या, नसेल तर वहीतलं ताजं चालेल. ते डोळ्यांसमोर पुन्हा चालवा. स्वप्नखुणेपाशी थांबा, समजा जुन्या शाळेच्या वर्गात बसला आहात. तिथे स्वतःला ओळखताना बघा: "शाळा सुटून किती वर्षं झाली, हे तर स्वप्न!" मग नाक धरा, श्वास येतोय हे अनुभवा. आणि म्हणा, "पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे." पुन्हा दृश्य, पुन्हा वाक्य. झोप लागेपर्यंत एवढंच.

बिघडतं कुठे? वाक्याचा जप होतो. तोंड म्हणतंय आणि मन भलतीकडेच. म्हणून दृश्य सोडायचं नाही, अर्थ वाक्यापेक्षा दृश्यात असतो. मन भरकटलं तर चिडू नका, परत आणा. झोपेत शिरतानाचा शेवटचा विचार हा असला की काम झालं.

अपेक्षा किती ठेवायची, तर ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात तपासणी, पहाटेचं उठणं आणि माइल्ड हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना एका आठवड्यात साधारण १७ टक्के रात्री यश आलं. माइल्ड संपवून पाच मिनिटांत झोपी गेलेल्यांत तो आकडा ४६ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणून म्हणतो, झोप उडवू नका.

उशीखालची_वही

भान येताच जाग येते त्यावर थोडं. पहिली चूक म्हणजे लगेच उडायला जाणं. पहिली काही ल्युसिड स्वप्नं फक्त टिकवण्यासाठी वापरा. दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात चोळा, घर्षण जाणवेपर्यंत. मग भिंत, जमीन, कपडा, जवळचं जे असेल त्याला हात लावा. नजर एका जागी रोखू नका, डोळे मिटू नका. दृश्य फिकं व्हायला लागलं तर उभ्याउभ्या हात पसरून गिरकी घ्या आणि "पुढचं दिसेल तेही स्वप्नच" असं म्हणत राहा. गिरकीनंतर अंथरुणात जाग आल्यासारखं वाटलं तर आधी नाक धरून बघा! खोटी जाग हा इथला सगळ्यात मोठा चकवा आहे. दात घासून, कपडे घालून, निम्मा रस्ता कापेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून एरवीही जाग आली की पहिली तपासणी करायची सवय लावा.

खरीच जाग आली तर हलू नका. डोळे मिटलेले ठेवून त्याच दृश्यात हात चोळतोय अशी स्पर्शाची कल्पना करा. पहाटेची वेळ असेल तर बरेचदा मिनिटभरात परत आत जाता येतं.

नवशिका

सगळ्यांचे आभार. ॲप काढलं. गोळ्यांचं राहिलं. आणि उताणं पडल्यावर कधीकधी अंग जखडल्यासारखं होऊन छातीवर दडपण येतं, ते धोक्याचं आहे का?

चौथा_प्रहर

जखडणं म्हणजे रेममधली स्नायूंची शिथिलता जागेपणी काही क्षण रेंगाळणं, स्लीप पॅरालिसिस. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत जातं. श्वास छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या स्नायूवर चालू असतो, पण मुद्दाम खोल ओढायला गेलं की ओढता येत नाही म्हणून गुदमरल्यासारखं वाटतं. खोल श्वासाचा हट्ट सोडा, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. उताणं झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना हे जास्त होतं, म्हणजे तुमच्या सध्याच्या क्रमात दोन्ही कारणं हजर आहेत. वारंवार होऊ लागलं, किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

गॅलँटामिन हे अल्झायमरचं औषध आहे. २०१८ च्या एका अभ्यासात, पहाटे उठून माइल्ड करणाऱ्या १२१ जणांत, नुसत्या दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीवर १४ टक्के, ४ मिलिग्रॅमवर २७ आणि ८ वर ४२ टक्के लोकांना ल्युसिड स्वप्न पडलं. आकडे मोहात पाडणारे आहेत हे खरं, पण हे औषध हृदयाचे ठोके मंदावतं, मळमळ आणतं, दमा असणाऱ्यांना त्रास देऊ शकतं. आणि ते लोक माइल्ड करतच होते. स्वतःच्या मनाने घ्यायची गोष्ट नाही. बी-६ चंही तेच. २४० मिलिग्रॅमच्या प्रयोगात स्वप्नं जास्त आठवली, पण एवढा मोठा डोस चालू ठेवला तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात.

आणखी एक, हे सगळ्यांसाठीच. अपस्मार, बायपोलर किंवा कधीही भास-भ्रमाचा त्रास झालेला असेल तर झोप मोडणारे प्रयोग टाळा. पहाटे उठलेल्या दिवशी लांबची गाडी चालवू नका.

पहाटपक्षी

सुरुवात या शनिवारी नको. आधी दोन आठवडे पुरी झोप, वही आणि रोजचे चार प्रसंग. चारचा गजर त्यानंतर. वहीतल्या स्वप्नखुणा इथे टाकल्यात तर माइल्डसाठी कोणती घ्यायची ते सांगता येईल.