सेक्सिझमला मराठीत काय लिहू? ('लैंगिक' सोडून सांगा)

चाकणची_क्वालिटी: ट्रेनिंगच्या स्लाइड्स मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय (का, तर 'मॅडमचं मराठी छान आहे', शिवाय डिपार्टमेंटात बाई मी एकटीच). सेक्सिझमवर अडलेय. 'लैंगिक भेदभाव' लिहिलं तर शॉपवरची पोरं पहिल्या शब्दालाच खुसुखुसू हसणार, आणि 2013च्या कायद्याचा बोर्ड गेटवर आहे त्यातही 'लैंगिक छळ'च. मला वेगळंच म्हणायचंय. परवा व्हेंडरकडे ऑडिटला गेले, बोअरला (पार्टमधल्या भोकाला) गो-गेज लावून बघितला (भोक मापात असेल तर हा आत गेलाच पाहिजे), जाईना, मी म्हटलं लॉट रिजेक्ट, तर मालक माझ्या शेजारच्या ट्रेनीला विचारतो, "सर, मग काय करायचं?" ट्रेनीला जॉइन होऊन तीन आठवडे झालेत! ह्यात लैंगिक काय आहे?

पेठेतला: लिंग म्हणजे मुळात खूण, चिन्ह. शाळेत पुल्लिंग-स्त्रीलिंग शिकलो तेव्हा कोणी हसलं नाही. बिनधास्त 'लिंगभेद' लिहा.

मागचा_बाक: तुमच्या शाळेत नसतील हसत. आमच्याकडे व्याकरणाचा तास त्यासाठीच भरायचा.

ओव्हरटाइम: सेक्सिझमच लिहा हो. टेबल, शिफ्ट, गेज चालतं मग हेच का नाही.

पेठेतला: असंच म्हणत बसलो असतो तर आज 'मेयर' म्हणत असतो. सावरकरांनी 'महापौर' दिला, रुळला ना?

निवृत्त_टूलरूम: आमचे फोरमन म्हणायचे, बाईमाणूस आहे, जड जॉब नको. खंडेनवमीला मशीनपुढची रांगोळी मात्र त्याच बाईमाणसाने काढायची, गुडघ्यावर बसून दोन तास, ते जड नाही. तुमच्या स्लाइडवर 'बाईमाणूस' एवढंच लिहा, सगळ्यांना कळेल.

पेठेतला: पण बाईमाणूस वाईट शब्द नाही, त्यात 'माणूस' आहे! गडीमाणूस तसंच. आणि 'बाई' तर मानाचं, रमाबाई, अहिल्याबाई. शाळेत आम्ही बाईच म्हणायचो.

चाकणची_क्वालिटी: 'गडीमाणूस आहे, त्याला नका देऊ हे काम' असं कुठल्या शॉपवर ऐकलंत सांगा बरं.

सिंहगड_रोड: आता सोसायटीत 'बाई आल्या का' म्हटलं की भांडीवाल्या मावशीच. म्हणून ऑफिसात सगळ्या मॅडम. मला पहिल्या नोकरीत ताई म्हणायचे, आवडायचं खरं तर. इन्क्रीमेंट मागितलं तेव्हा, "ताई, तुमचे मिस्टर कमावतायत ना?"

मागचा_बाक: ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री पुरुष तुलना' पुण्यातच छापून घेतलं, सगळ्यांना झोडपून काढलं, सेक्सिझम शब्दावाचून काही अडलं नाही.

ओव्हरटाइम: त्यांना स्लाइड नव्हती करायची.

पेठेतला: विद्यापीठातले लोक जेंडरला 'लिंगभाव' म्हणतात, त्यावरून काही...

ओव्हरटाइम: भाव म्हटलं की आमच्याकडे भाजीचा.

चाकणची_क्वालिटी: लोकहो, स्लाइड गेली. मी शेवटी 'बाई म्हणून मिळणारी वागणूक' लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून 'स्त्री-पुरुष समानता' केलं आणि कोपऱ्यात एक गुलाबी फूल टाकलं.

पेठेतला: फूल 'टाकत' नाहीत, 'घालतात'.

निवृत्त_टूलरूम: स्लाइडमध्ये टाकतातच.