वस्तीतल्या घरफोड्या: कॅमेरे, गस्त की आणखी काही?

उंबरठा (प्रश्न):
सुमारे २०० घरांची वस्ती. तीन महिन्यांत ११ घरफोड्या झाल्या. वर्गणी जमली आहे, पण कॅमेरे बसवायचे की रात्रीची गस्त घालायची यावर एकमत होत नाही. पोलिसांकडून आणि प्रशासनाकडून नेमकं काय मागावं?

नकाशावाला:
पैसे खर्च करण्याआधी अकराही घटना एका कागदावर उतरवा: घर कोणतं, कुठून शिरले, कशाने उचकटलं, काय गेलं. वेळेच्या रकान्यात दोन वेळा हव्यात, घर शेवटचं नीट कधी पाहिलं आणि फुटलेलं कधी दिसलं. नुसतं ‘रात्री’ लिहिलंत की फसलात. निम्म्या चोऱ्या दुपारच्या निघाल्या तर रात्री जागून काय उपयोग?

ज्यांनी तक्रार दिलेली नाही त्यांना आधी द्यायला लावा. नोंदच नसेल तर पोलिसांना तिथे जादा माणसं लावायला आधार राहत नाही.

आणि फुटलेलं घर सोडू नका, तेच पुन्हा फुटण्याचा धोका मोठा असतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात यावरच भर दिला. फुटलेल्या घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांनी त्या घरावर लक्ष ठेवलं, कड्या-कुलपं मजबूत केली, आणि नाणी टाकून चालणारे मीटर काढून टाकले, कारण चोर त्यातली रोकड पळवत. तीन-चार वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. शेजारी, पोलीस आणि प्रशासन तिघेही त्यात होते, म्हणून ते जमलं.

भिंग:
कॅमेऱ्यांबद्दल. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायला दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. २५६० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात म्हणजे जेमतेम १० मीटर रुंदीचा पट्टा. अख्खा रस्ता एका कॅमेऱ्यात घ्यायला गेलात तर हलणाऱ्या सावल्या दिसतील, चेहरा नाही. म्हणून कॅमेरा आत-बाहेर जाण्याच्या अरुंद वाटेवर लावा. फार उंचावर लावला तर फक्त डोक्यावरचे केस दिसतात. चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ महिन्याला एकदा जुळवा. चित्रण किती दिवसांनी पुसलं जातं ते आधी तपासा. पोलिसांची मागणी येईपर्यंत ते गेलेलं असतं, हीच नेहमीची रड.

खांब क्र. ७:
प्रशासनाला ‘वस्तीत अंधार आहे’ असा अर्ज केलात तर तो फायलीत पडून राहतो. खांबाचा क्रमांक, दिवा कधीपासून बंद आणि त्या खांबाजवळच्या चोऱ्यांच्या तारखा लिहा, पोच घ्या. दिवा चालू असूनही फांद्यांनी उजेड अडतो, ते रात्री फिरूनच कळतं. छाटणीचा अर्ज वेगळा करा, कारण बहुतेक ठिकाणी ते खातंही वेगळं असतं.

उंबरठा:
गस्त घालू नये का मग?

नकाशावाला:
घाला, पण कागदावर दिसलेल्या वेळेतच. ताज्या चोरीनंतर साधारण दोन आठवडे आजूबाजूच्या २०० मीटरमध्ये धोका वाढलेला असतो, तेवढे दिवस जोर लावा. वर्षभराची गस्त महिन्या-दोन महिन्यांत गळते. जोडीनेच फिरा, फेरीची वेळ रोज बदला, फिरणाऱ्यांची यादी पोलीस ठाण्यात द्या. पाठलाग करायचा नाही, अडवायचं नाही, फोन करायचा.

भिंग:
ग्रुपवर कुणाचाही फोटो टाकायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा. ‘संशयित’ म्हणून फिरवलेल्या फोटोपायी निरपराध माणसं मारली गेली आहेत. माणूस कसा दिसतो ते नको. काय करत होता ते लिहा: ‘दुसऱ्या गल्लीत बंद घराची कडी हलवून पाहिली, ३.२०’. आणि हे ग्रुपवर टाकण्याआधी पोलिसांना कळवा.