संशोधनाच्या दर्जावरून अनुदान ठरवायचे, तर मोजायचे नेमके काय?

प्रश्न : अभ्यासू

ब्रिटनमधील विद्यापीठांना मिळणाऱ्या सरकारी संशोधन-अनुदानाचा मोठा हिस्सा ‘रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क’ (आरईएफ) या मूल्यमापनावरून ठरतो, हे वाचल्यापासून दोन शंका मनात घोळत आहेत. २०२१ च्या फेरीत १५७ संस्थांतील ७६ हजारांहून अधिक संशोधकांचे १ लाख ८५ हजारांवर शोधनिबंध, ग्रंथ व इतर काम परीक्षकांपुढे आले आणि या साऱ्या खटाटोपावर ४७ कोटी १० लाख पौंड खर्च झाले. कोणत्या शोधनिबंधाचा इतरांनी किती वेळा आधार घेतला, याची मोजणी संगणकावर आयती उपलब्ध असताना इतकी माणसे वाचायला बसवण्याचे कारण काय?

दुसरी शंका ‘प्रभावा’विषयी आहे. एकूण मूल्यमापनात २५ टक्के भार विद्यापीठाबाहेरील जगावर झालेल्या परिणामाला आहे. औषधे किंवा यंत्रे यांच्या बाबतीत हे समजते. पण मध्ययुगीन हस्तलिखितांचा अभ्यासक किंवा संख्यासिद्धांतात रमलेला गणिती असा परिणाम कोठून आणणार?

प्रतिसाद १ : तळटीप

पहिल्या शंकेपुरते लिहितो. उद्धरणसंख्या, म्हणजे रूढ शब्दांत सायटेशन, ही एखाद्या कामाकडे किती लोकांचे लक्ष गेले याची मोजणी आहे. ते काम किती चांगले आहे याची नव्हे. चुकीचा दावा करणारा निबंधही खोडून काढण्यासाठी शेकडो वेळा उद्धृत होतो. शिवाय विषयागणिक सवयी वेगळ्या असतात : जीवशास्त्रातील निबंधाला दोन वर्षांत जितकी उद्धरणे मिळतात, तितकी गणितातील उत्तम निबंधाला दहा वर्षांतही मिळतील असे नाही, आणि इतिहासात तर महत्त्वाचे काम बहुधा ग्रंथरूपाने येते, ज्याची नोंद या संगणकीय सूचींत अपुरी असते. नियतकालिकाच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’वरून, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात यावरून, एकेका निबंधाची प्रत ठरवणे त्याहून वाईट, कारण तो आकडा सरासरीचा असतो आणि मूठभर गाजलेले निबंध ती सरासरी वर ओढतात.

हा प्रश्न ब्रिटनमध्ये सविस्तर तपासला गेला आहे. जेम्स विल्सडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये असा निष्कर्ष दिला की, आकडे तज्ज्ञांच्या वाचनाला पूरक ठरू शकतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत. त्यामुळे आरईएफमध्ये प्रामुख्याने विज्ञान-वैद्यकातील काही परीक्षक मंडळे उद्धरणसंख्या जोडमाहिती म्हणून पाहतात. इम्पॅक्ट फॅक्टर मात्र कोणीच विचारात घेत नाही.

खर्चाचा आकडा डोळ्यांत भरतो, हे खरे. परंतु या मूल्यमापनावरून वाटली जाणारी रक्कम वर्षाला सुमारे २०० कोटी पौंड आहे. दोन फेऱ्यांत सात वर्षांचे अंतर धरले, तर हा खर्च वाटपाच्या साडेतीन टक्क्यांच्या आतच राहतो. माझ्या मते खरी खंत वेगळी आहे : यातील बहुतांश खर्च परीक्षकांवर नव्हे, तर विद्यापीठांनी स्वतःच्या तयारीवर, म्हणजे तालमी, अंतर्गत परीक्षणे आणि सल्लागार यांवर केलेला असतो.

प्रतिसाद २ : पाऊलखुणा

गणितीविषयीची शंका एका गैरसमजातून आली आहे. प्रत्येक संशोधकाने प्रभाव दाखवावा, अशी अपेक्षा नसते. विषयवार गटाने मिळून प्रभावाची काही मोजकी प्रकरणे (केस स्टडी) सादर करायची असतात. लहान गटाला दोन पुरतात. २०२१ मध्ये सर्व संस्थांची मिळून ६,७८१ प्रकरणे आली. प्रत्येक प्रकरणात पाच पानांच्या मर्यादेत संशोधन, त्याचा बाहेर झालेला उपयोग आणि या दोहोंना जोडणारा पुरावा मांडावा लागतो. धोरणात झालेला बदल, संग्रहालयातील मांडणी, अभ्यासक्रम किंवा जनतेची एखाद्या वारशाविषयीची समज हे सर्व यात बसते. त्यामुळे हस्तलिखितांचा अभ्यासक तुम्ही समजता तितका अडचणीत नसतो. एखाद्या ग्रंथालयाने त्याच्या कामावरून संग्रहाची सूची नव्याने रचली, तर तो पुरावाच आहे.

मला खटकते ते कालमर्यादेचे बंधन. २०२१ साठी संशोधन २००० नंतरचे आणि परिणाम २०१३ ते २०२० या काळातला असणे आवश्यक होते. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांचा एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) विषयीचा पायाभूत निबंध २००५ चा. त्यावर आधारित कोविडच्या लशी २०२० च्या अखेरीस वापरात आल्या. त्यांचे काम अमेरिकेतले असल्याने आरईएफशी त्याचा संबंध नाही, पण कल्पना म्हणून ते या चौकटीत ठेवून पाहा. महासाथ दोन वर्षे उशिरा आली असती, तर त्या फेरीत या निबंधाच्या नावावर लशींचा उल्लेखही आला नसता. संशोधनाची प्रत तीच, केवळ पंचांग बदलले. शिवाय परिणाम घडवण्यात अनेकांचा हात असतो, आणि पाच पानांत गोष्ट नीट सांगता येणाऱ्याला साहजिकच झुकते माप मिळते.

प्रतिसाद ३ : गुणक

वरील दोन्ही प्रतिसाद मोजपट्टीविषयी आहेत. अनुदानाचे सूत्र मात्र चर्चेत आले नाही, आणि संशोधकांची वागणूक घडवते ते तेच. कामाला शून्य ते चार तारे दिले जातात. इंग्लंडमधील वाटपात चार ताऱ्यांच्या कामाला ४ चा गुणक, तीन ताऱ्यांना १ आणि त्याखालील कामाला शून्य मिळते. म्हणजे तीन ताऱ्यांचे ‘उत्कृष्ट’ आणि चार ताऱ्यांचे ‘जागतिक दर्जाचे’ यांमधील सीमारेषेवर, जेथे दोन प्रामाणिक परीक्षकांचेही एकमत होणे कठीण असते, तेथेच पैशाचा सर्वांत उंच कडा उभा केला आहे. परिणामी विभागप्रमुख धाडसी विषयाऐवजी चार ताऱ्यांची खात्री असलेला विषय सुचवू लागतो, यात नवल नाही.

चार ताऱ्यांचे प्रमाण २०१४ मधील ३० टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४१ टक्क्यांवर गेले. यावरून सात वर्षांत संशोधन एवढे सुधारले असे कोणी म्हणू नये, कारण मधल्या काळात नियमही बदलले. पूर्वी कोणाचे काम परीक्षणासाठी पाठवायचे ते विद्यापीठे निवडत आणि साधारणपणे प्रत्येकाची चार कामे मागितली जात. नंतर संशोधनाची जबाबदारी असलेल्या सर्वांना समाविष्ट करून माणशी सरासरी अडीच कामे ठरली, त्यामुळे दुबळी कामे बाजूला ठेवण्यास वाव मिळाला.

नेदरलँड्समध्येही दर सहा वर्षांनी संशोधनगटांचे परीक्षण होते, परंतु त्याचा निकाल थेट अनुदानाला जोडलेला नसतो, म्हणून तेथील अहवालात उणिवा मोकळेपणाने लिहिता येतात. याची किंमत अशी की, सरकारला वाटपासाठी दुसरा आधार शोधावा लागतो.

अभ्यासू

तिघांचेही आभार. प्रभावाविषयीचा माझा गैरसमज दूर झाला. तरीही गुणकांविषयी एक विचारावेसे वाटते : ४, १ आणि ० ऐवजी ३, २ आणि १ असे सौम्य गुणक ठेवले, तर सीमारेषेवरचा ताण कमी होणार नाही का?

गुणक

ताण निश्चित कमी होईल. मात्र एकूण रक्कम तेवढीच राहिल्यामुळे ती अधिक संस्थांत विरळ पसरेल, आणि महागडी प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोजक्या विद्यापीठांचा वाटा घटेल. थोड्या ठिकाणी भरपूर द्यायचे की पुष्कळ ठिकाणी थोडे, हे सरकारने आधी ठरवायचे असते. परीक्षक मंडळाने कितीही बारकाईने वाचले, तरी हा निर्णय तारे मोजून निघत नाही.