निवोलुमॅब सुरू असताना सांधे सुजले: स्टेरॉइड किती, मेथोट्रेक्सेटचं काय, पुढचा डोस द्यायचा का?

तालुका प्रॅक्टिस
नमस्कार. एका पेशंटबद्दल संधिवात, औषधं आणि कॅन्सर बघणाऱ्या सहकाऱ्यांकडून मार्गदर्शन हवं आहे. पुरुष, वय ५६, वजन ५० किलो. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर ऑपरेशन आणि रेडिएशननंतर उलटला आहे. लो-डोस निवोलुमॅब (कॅन्सरविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोथेरपी) चालू आहे, दर ३ आठवड्यांनी २० मिग्रॅ. सोबत मेट्रोनॉमिक (कमी डोसमध्ये सतत घ्यायच्या) गोळ्या: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा १२.५ मिग्रॅ, सेलेकॉक्सिब २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब १५० मिग्रॅ रोज.

निवोलुमॅबच्या चौथ्या डोसनंतर दोन्ही मनगटं आणि उजवा गुडघा सुजला. सकाळी दोन तास सांधे आखडलेले असतात. मोटारसायकलचा क्लच दाबता येत नाही, भरलेली बादली उचलत नाही. आंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः करतो. दाह दाखवणाऱ्या तपासण्या ईएसआर ७४, सीआरपी ४२, नेहमीच्या आमवाताच्या तपासण्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड ५.८. आठवडाभर दुसरीकडून डायक्लोफेनॅक आणि पँटोप्राझोल घेतलंय, फरक नाही.

प्रश्न असे: इतक्या कमी डोसला निवोलुमॅबमुळे संधिवात होतो का? स्टेरॉइड दिलं तर इम्युनोथेरपीचा उपयोग जाईल का? आणि मेथोट्रेक्सेट सुरू करावं का?

संधिवात ओपीडी
डॉक्टर, होतो. सुरुवातीच्या चाचण्यांत किलोमागे ०.१ ते १० मिग्रॅ अशा सगळ्या डोसना टी-पेशींवरचे (प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचे) पीडी-१ रिसेप्टर, म्हणजे निवोलुमॅब जिथे चिकटतं त्या जागा, जवळपास सारखेच व्यापलेले दिसले होते. तुमच्या पेशंटला किलोमागे ०.४ मिग्रॅ मिळतंय. म्हणूनच तर हा कमी डोस कॅन्सरवर चालतो, आणि म्हणूनच तो सांध्यांनाही सोडत नाही. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी निगेटिव्ह असणं हे या संधिवातात नेहमीचंच. त्यावरून निदान बाद करू नका.

पण स्टेरॉइडचं प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी दोन गोष्टी आजच्या आज करा.

पहिली, सीके (स्नायूंचं एन्झाइम), ट्रोपोनिन आय (हृदयाच्या इजेची तपासणी) आणि ईसीजी. या औषधांमुळे स्नायूंचा दाह, हृदयाच्या स्नायूचा दाह आणि मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून दुबळे पडणं) एकाच पेशंटमध्ये एकत्र येऊ शकतात, आणि त्यात माणूस काही दिवसांत जातो. ट्रोपोनिन टी नको, कारण ते नुसत्या स्नायूदाहातही वाढतं. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगा. एक मिनिट छताकडे बघायला लावा आणि पापणी उतरते का ते पाहा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये इथेच फसायला होतं: गिळायला त्रास, बोलणं नाकात, मान धरवत नाही, हे सगळं रेडिएशनच्या खाती टाकलं जातं. गेल्या दोन-तीन आठवड्यांत त्यात वाढ झाली का, हे घरच्यांना मुद्दाम विचारा. एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरची एन्झाइम्स) वाढलेलं असेल तर मेथोट्रेक्सेट किंवा एर्लोटिनिबला दोष देण्याआधी सीके बघा, ती एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात. सीके आणि ट्रोपोनिन दोन्ही वर असतील तर हा प्रश्न ओपीडीचा राहिला नाही. निवोलुमॅब कायमचं बंद, कार्डियाक आयसीयू, आणि मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम शिरेतून रोज, तीन दिवस.

दुसरी, गुडघ्यातलं पाणी काढा. मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाचा सुजलेला गुडघा सुई न घालता ‘इम्युनोथेरपीचा’ म्हणू नये. जांभळ्या झाकणाच्या नळीत पेशी मोजायला, थोडं स्फटिक बघायला, थोडं थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत, आणि उरलेलं निर्जंतुक डबीत सीबीनॅटसाठी (क्षयाच्या जंतूची तपासणी).

औषधांची यादी
तिसऱ्या प्रश्नाला हात घालते. मेथोट्रेक्सेट त्याला चालूच आहे. कॅन्सरचं औषध म्हणून दिलंय म्हणून ते संधिवाताचं औषध राहिलं नाही असं नाही. वरून संधिवातासाठी वेगळी चिठ्ठी झाली आणि घरात दोन पाकिटं आली की दुप्पट डोस गेलाच म्हणून समजा. डोस वाढवायचा असेल तर आहे तीच चिठ्ठी बदलायची, आणि ती ऑन्कॉलॉजिस्टने. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढं पुरत नाही, वार लिहा.

सेलेकॉक्सिबचंही तेच. दिवसाला ४०० मिग्रॅ चालू असताना डायक्लोफेनॅक म्हणजे एकाच जातीची दोन औषधं. दोन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, किडनी मंदावली की मेथोट्रेक्सेट शरीरात साठतं, आणि मग तोंड येतं, रक्तातल्या पेशी घसरतात. या पेशंटचं तोंड आधीच खराब असल्याने ते फोड कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. डायक्लोफेनॅक आज बंद करा, क्रिएटिनिन आणि सीबीसी करा.

पँटोप्राझोलकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण आम्लता कमी झाली की एर्लोटिनिब नीट शोषलं जात नाही. ओमेप्राझोलसोबत रक्तातलं एकूण प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं आहे. सेलेकॉक्सिब आणि प्रेडनिसोलोन एकत्र असताना पोटाला संरक्षण लागणार, हेही खरं. मार्ग असा: रात्री ९ ला फॅमोटिडिन, सकाळी ७ ला उपाशीपोटी एर्लोटिनिब, ८ नंतर नाश्ता. म्हणजे दहा तासांचं अंतर सांभाळलं जातं.

अजून एक. प्रेडनिसोलोन रोज २० मिग्रॅ किंवा जास्त, चार आठवड्यांपुढे जाणार असेल तर न्यूमोसिस्टिस (फुफ्फुसाचा बुरशीजन्य संसर्ग) टाळायला आपण हाताला येईल तसं कोट्रायमोक्साझोल लिहितो. मेथोट्रेक्सेटसोबत ते नको. दोन्ही फोलेट (नव्या पेशी बनायला लागणारं व्हिटॅमिन) अडवतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात.

डे-केअर ऑन्को
स्टेरॉइडबद्दल. इम्युनोथेरपी सुरू करतानाच ज्यांना रोज १० मिग्रॅ किंवा अधिक प्रेडनिसोलोन चालू होतं त्यांचे निकाल वाईट आले, ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणांना ते मेंदूतल्या गाठी, धाप, भूक न लागणं यासाठी दिलेलं होतं, म्हणजे आजारच पुढे गेलेला होता. दुष्परिणामासाठी मधूनच दिलेल्या माफक स्टेरॉइडला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही. माणूस क्लच दाबू शकत नसताना त्याला घाबरून स्टेरॉइड नाकारणं मला मुळीच पटत नाही.

वर्णनावरून हा ग्रेड २, म्हणजे मध्यम त्रास. पुढचा निवोलुमॅब डोस थांबवा. जंतुसंसर्ग नाही असं ठरलं की प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ, सकाळी नाश्त्यानंतर, एकदाच. १०–१४ दिवसांत आखडलेपणा निम्म्याने तरी कमी व्हायला हवा. मग १५, मग १०, असं चार ते सहा आठवड्यांत उतरवा. डोस १० किंवा खाली आणि त्रास ग्रेड १ वर आला की निवोलुमॅब परत सुरू करता येतं. एकट्या गुडघ्यासाठी कल्चर निगेटिव्ह आल्यावर ट्रायअमसिनोलोन ४० मिग्रॅ सांध्यात दिलं तर गोळ्या कमी लागतात. साखर उपाशीपोटी नको, संध्याकाळी जेवणाआधी तपासा. सकाळच्या प्रेडनिसोलोनने दुपारनंतरची साखर चढते.

स्टेरॉइडचा पहिला डोस देण्याआधीच इग्रा (दडलेल्या क्षयाची रक्ततपासणी), एचबीएसएजी व अँटी-एचबीसी (हिपॅटायटिस बी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे करून ठेवा. १० मिग्रॅच्या खाली उतरताच सांधे परत सुजले तर पुढची पायरी बायोलॉजिक (दाहाचा एखादाच दुवा अडवणारं औषध, जसं टीएनएफ रोधक किंवा टोसिलिझुमॅब) असू शकते, आणि स्टेरॉइडवर असताना इग्राचा निकाल भरवशाचा राहत नाही. टीएनएफ रोधक दिलं तर आपल्याकडे दडलेला क्षय उठण्याची भीती खरी आहे. टोसिलिझुमॅब आतड्याला सूज असलेल्याला नको, आणि ते दिल्यावर सीआरपी बघून संसर्ग ओळखायला जाऊ नका, तो दबलेलाच राहतो. अबाटासेप्ट नको. निवोलुमॅबने जागी केलेली टी-पेशी ते झोपवतं, ते हृदयदाहासारख्या जिवावरच्या प्रसंगासाठी राखलेलं आहे.

नातेवाईक विचारतील, ‘इंजेक्शनच बंद करून टाका ना.’ नुसतं बंद करून सांधे बरे होतीलच असं नाही. हा संधिवात औषध थांबल्यावरही महिनोन्‌महिने राहू शकतो. आणि टाटा मेमोरियलच्या २०२३ साली छापून आलेल्या चाचणीत याच गोळ्यांना २० मिग्रॅ निवोलुमॅब जोडल्यावर वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं होतं. एवढं मनगटाच्या सुजेपायी सोडून द्यायचं नसतं.

तालुका प्रॅक्टिस
सगळ्यांचे आभार. सीके १६४, ट्रोपोनिन आय आणि ईसीजी नॉर्मल. पापणी, खुर्चीवरून उठणं ठीक. गुडघ्यातलं पाणी गढूळ पिवळं, पेशी १४,०००, स्फटिक नाहीत, ग्रॅम स्टेन आणि सीबीनॅट निगेटिव्ह, कल्चर बाकी. पण क्रिएटिनिन १.३, महिन्यापूर्वी ०.८ होतं. मेथोट्रेक्सेट रविवारी असतं.

औषधांची यादी
या रविवारचं मेथोट्रेक्सेट देऊ नका, सेलेकॉक्सिबही थांबवा, आणि या दोन्ही गोष्टी ऑन्कॉलॉजिस्टना आजच कळवा. पाणी भरपूर, तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत. सीबीसी आता आणि पुन्हा आठवड्याने, रक्तातल्या पेशी उशिरा घसरतात. पँटोप्राझोल बंदच ठेवा. इम्युनोथेरपीवर असताना किडनीचा दाह होण्यात त्याचाही हात असतो. लघवीत पस सेल किंवा प्रोटीन दिसलं, किंवा तीन दिवसांत क्रिएटिनिन उतरलं नाही, तर हे नुसतं डायक्लोफेनॅकचं नाही. तेव्हा स्टेरॉइड किलोमागे अर्धा ते एक मिग्रॅ लागू शकतं.

संधिवात ओपीडी
१४,००० पेशी दाहाच्या बाजूने आहेत. तरी कल्चरचे ४८ तास थांबा, मगच प्रेडनिसोलोन. सीबीनॅट निगेटिव्ह असल्याने सांध्याचा क्षय पुरता बाद होत नाही. प्रेडनिसोलोनवर मनगटं उतरली आणि एकटा गुडघा तसाच राहिला, तर डोस वाढवू नका. सांध्याच्या अस्तराची बायोप्सी करून घ्या.